कलम मेलं, खुंट जगला

नागपूर, मानेवाडा. घरामागच्या अंगणातलं हे आंब्याचं झाड. बाबा अजूनही याला दशेरी म्हणतात अन् आम्ही सगळे हसून राहिलो.

झालं असं की 2016 च्या जुलैत बाबांनी एका नर्सरीतून दशेरीचं कलम आणलं. गुडघ्याएवढं रोप, काळी पिशवी, बुडापासून वीतभर वर, कलमाच्या जोडावर, प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली. आपली काळी माती पावसात नुसता चिखल अन् उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा, म्हणून खड्डा मोठा केला, मुरूम टाकला, शेणखत टाकलं, जोड मातीच्या वर ठेवला, सगळं बरोबर केलं बाप्पा. फक्त ती पट्टी सोडायची राहून गेली.

आता कॅमेरा जरा जवळ नेऊ. कलम म्हणजे दोन झाडं असतात हे आपण विसरतो. खाली खुंट, म्हणजे कोयीतून उगवलेलं गावरान रोप, मुळं त्याची. वर दशेरीची काडी, आंबे तिचे. खोड जाड होतं तशी पट्टी आवळत जाते, जोड कमजोर पडतो. त्यात आपला मे महिना, 45 डिग्री, वरची काडी वाळून गेली. अन् बरोबर जोडाच्या खालून तांबूस फूट आली, इतकी सुंदर की बाबा म्हणाले, "बघ, झाडानं जीव धरला!" ती फूट तेव्हाच खुडायची असते, खुंटाची असते ती. आम्ही तिला पाच वर्षं पाणी घातलं.

2022 मध्ये मोहर आला, मार्चच्या गारपिटीत अर्धा खाली पडला, उरलेले आंबे जूनमध्ये उतरवले. चिरला पहिला. कोय मोठी, गर थोडासा, दातात रेषाच रेषा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "भाऊजी, हा तर गावरानी निघाला!" बाबा काहीच बोलले नाहीत, कोय चोखत बसले.

झाड तोडायचं का? आई नाहीच म्हणाली, कैऱ्यांचं लोणचं फर्स्टक्लास होते. मग बाबांनी याच झाडावर कलम करायचं ठरवलं, यावेळी आम्रपाली. दशेरी अन् नीलमचा हा संकर, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं आणलेला. झाड बुटकं राहते अन् जवळपास दरवर्षी फळते, त्यामुळे छोट्या अंगणात नवीन रोप लावणार असाल तर हेच घ्या, असं मी तरी म्हणेन.

मित्राच्या झाडावर काड्या हेरल्या, त्यांची पानं आठवडाभर आधीच देठ ठेवून कापली म्हणजे शेंड्याचा डोळा फुगतो. जुलैत इकडच्या कोवळ्या फांदीचा शेंडा उडवला, मधोमध चीर दिली, काडीला पाचरीसारखं तासून त्यात बसवलं, साल सालीला भिडली पाहिजे, नाहीतर सगळी मेहनत वाया. वरून पट्टी, अन् त्याच्यावर पेप्सीकोल्याची रिकामी पिशवी टोपीसारखी, ओल टिकायला. पाच काड्या बांधल्या. तीन काळ्या पडल्या, दोन फुटल्या.

पट्टी सोडायचा रिमाइंडर यावेळी तिघांच्याही मोबाईलमध्ये होता.

पुढच्याच फेब्रुवारीत त्या दोन फांद्यांना मोहर आला अन् बाबांनी तो स्वतःच खुडून टाकला, आधी फांदी जाड होऊ दे म्हणाले. आई दोन दिवस बोलली नाही त्यांच्याशी.