ग्रहणात निवडलेली मेथी आणि बाळाचं आतडं

नमस्कार! हा लांबुडका फुगा बघा. खालचं टोक मी चिमटीत घट्ट धरलंय आणि वरून फुंकतेय. वरचा भाग झाला टम्म. आता सांगा, बिघाड कुठे आहे? जिथे फुगलंय तिथे?

डॉक्टरांचीही कित्येक वर्षं अशीच फसगत झाली. कोपनहेगनच्या हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी 1886 मध्ये दोन बाळांची हकिकत मांडली. आजाराला आज त्यांचंच नाव आहे: हिर्शस्प्रुंगचा आजार. दोघांचं मोठं आतडं प्रचंड फुगलेलं. पुढे सगळ्यांची नजर त्या फुगवट्यावरच. शेवटी 1948 मध्ये ऑर्वर स्वेन्सन यांनी खालचा अरुंद, दिसायला साधासुधा तुकडा काढायची शस्त्रक्रिया जगापुढे आणली, आणि मुलं बरी व्हायला लागली.

बिघाड होता तो माझ्या चिमटीपाशी. तिथे आतड्याच्या भिंतीत मज्जापेशीच नसतात. ‘सैल हो’ म्हणायला कुणी नाही, म्हणून तो भाग आवळलेलाच राहतो. बाळाची पहिली काळी शी एरवी 24 तासांत, फार तर 48 तासांत होते. इथे ती अडते, पोट फुगतं, हिरवी उलटी होते. आणि हिरवी उलटी झाली तर घुटी-बिटी काही नाही, थेट दवाखाना.

साधारण 5000 बाळांमागे एकाला हा आजार असतो. अशाच एका बाळाची आजी ओपीडीत मला म्हणाली, “हिनं ग्रहणात मेथी निवडली हो.” सून मान खाली घालून बसलेली.

मी कागदावर आतडं काढलं. गर्भ पाचेक आठवड्यांचा असताना या मज्जापेशी वरच्या टोकाने आतड्यात शिरतात आणि खाली सरकत बाराव्या आठवड्याच्या सुमारास शेवटाला पोचतात. वाटेत त्या वाढत राहाव्या लागतात. कमी पडल्या, तर खालचा भाग रिकामा. आजींनी चष्मा वर केला. “म्हणजे आमचं टेलचं रान. वरच्यांचं भिजतं, आमच्यापर्यंत येईस्तोवर पाट कोरडा.”

इतकी वर्षं समजावतेय, मला काही ही उपमा सुचली नव्हती.

आता पाण्याला जोर कमी का? बऱ्याचदा कारण असतं दहाव्या गुणसूत्रावरचं ‘रेट’ नावाचं जनुक. भाजीचा रेट नव्हे! आतडं पेशींना ‘पुढे या, वाढा’ असा रासायनिक निरोप धाडतं, तो ऐकायचा कान हे जनुक बनवतं. त्यातल्या चुका 1994 मध्ये या आजारात सापडल्या. एकाच घरात अनेकांना आजार असेल, तर अशा सुमारे निम्म्या घरांत रेटमध्ये ठळक चूक मिळते. एकट्यादुकट्या बाळांत मात्र बरीच कमी.

मग त्यांचं काय? 2005 मध्ये अरविंद चक्रवर्ती यांच्या गटाला रेटच्याच आत एका बटणात बारीकसा फरक सापडला. कान बरोबर बनतो, पण कमी बनतो. हा फरक युरोपपेक्षा आशियात जास्त आढळतो आणि तो असलेली बहुतेक माणसं ठणठणीत असतात. कदाचित तुमच्यात असेल, माझ्यातही. त्यात आणखी दोन-चार गोष्टींची भर पडली, तर पाट कोरडा पडतो.

“मग आलं कुठून? आमच्याकडनं का हिच्या माहेराकडनं?” आजींचा पुढचा प्रश्न तयारच होता. बहुतेकदा दोन्हीकडून, थोडं थोडं. मेथीतून नाही.

एक गंमत सांगते. मुलग्यांत हा आजार मुलींच्या जवळपास चौपट. म्हणून मुलीला झाला की आम्ही जास्त सावध होतो. मुलीत तो दिसायला जनुकांचं ओझं जास्त लागतं, म्हणजे त्या घरात ते जास्त आहे. तिच्या पाठच्या भावाचा धोका वाढतो. सरसकट बघितलं तर पाठच्या भावंडाला धोका 4 टक्क्यांच्या आसपास. आतड्याचा लांब भाग कोरडा असेल, तर त्याहून जास्त.

रेटमधल्या काही मोजक्या चुकांमुळे थायरॉइडचा एक कॅन्सरही होऊ शकतो. घरात हा आजार किंवा असा कॅन्सर आणखी कुणाला असेल, तर जनुक तपासणीबद्दल नक्की विचारा.

पुढच्या बाळाचा विचार करताना ऑपरेशनची फाईल सोबत न्या. मज्जापेशी कुठून नाहीत, ते बायोप्सीच्या रिपोर्टात लिहिलेलं असतं. जेनेटिक काउन्सेलरला आधी तोच कागद दाखवा.

आजींनी फाईल सुनेकडे दिली. माझ्या चित्राचा कागद मात्र चार घड्या घालून स्वतःच्या पिशवीत ठेवला. “शेजारणीला दाखवते,” म्हणाल्या. “ग्रहणाचं तिनंच डोक्यात घातलं होतं.”