बिडाच्या तव्यातल्या बेक्ड बीन्स: आधी बोटचेप्या, मग गोड

(कॅमेऱ्यासमोर, चिमटीत शिजलेला घेवड्याचा एक दाणा)

नमस्कार मंडळी. हा दाणा नीट बघा. दोन बोटांत धरला, हलकेच दाबला, की पसरला. मधे पांढरी कणी नाही आणि साल दाताखाली येणार नाही. बेक्ड बीन्स म्हणजे टोमॅटो-काकवीच्या आंबटगोड रसात भाजलेला घेवडा. त्याचं खरं काम इथेच झालं, आणि आपण अजून ओव्हनला हातही लावलेला नाही.

असं का, ते आधी सांगते. घेवड्याच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिनमुळे. साध्या पाण्यात उकळताना हे पेक्टिन हळूहळू सुटतं आणि दाणा मऊ होतो. पण पाण्यात टोमॅटो, व्हिनेगर असं काही आंबट पडलं, की ते सुटणं फार मंदावतं. काकवीमध्ये आंबटपणाच्या जोडीला कॅल्शियमही असतं, आणि कॅल्शियम पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं. म्हणून अर्धाकच्चा दाणा या रसात टाकला, तर ओव्हनमध्ये कितीही वेळ ठेवा, तो चिवटच राहणार. आमटीत चिंच-गूळ डाळ शिजल्यावरच घालायचा हा आपल्या घरातला शिरस्ता याच कारणाने आहे. आणि याची चांगली बाजू अशी, की पूर्ण मऊ झालेला दाणा या रसात गेला की त्याचा लगदा होत नाही. पाऊण तास भाजूनही तो अख्खा राहतो.

आता दाणा कोणता घ्यायचा. मूळ पदार्थात बारीक पांढरा घेवडा असतो. पुण्यात वाण्याकडे 'पांढरा राजमा' मागा, त्यातला लहान दाण्याचा घ्या. मला स्वतःला साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा यात फार आवडतो. त्याला भौगोलिक मानांकन आहे, अंगावर तांबूस पट्टे असतात, आणि शिजल्यावर चव दाट लागते. पट्टे शिजताना जातात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. जात तीच आहे. राजमा, घेवडा, अमेरिकेतले नेव्ही बीन्स, सगळे एकाच कुळातले आणि मूळचे अमेरिका खंडातले.

अमेरिकेत या पदार्थाचं गाव म्हणजे बोस्टन. तिथले कर्मठ ख्रिस्ती लोक रविवारी काम करत नसत. त्यामुळे शनिवारीच बीन्सचं मातीचं भांडं मंद आचेवर लागायचं आणि ते रविवारपर्यंत पुरायचं. कॅरिबियन बेटांवरून उसाची मळी बोस्टनच्या बंदरात यायची, तीच त्यात पडायची, सोबत खारवलेलं डुकराचं मांस. टोमॅटो त्यात नव्हता. टोमॅटोचा रस आला तो डब्यातल्या बीन्समधून. हाइन्झ या अमेरिकन कंपनीचे डबे १८८६ साली लंडनच्या फोर्टनम अँड मेसन या दुकानात विकायला आले आणि पुढे इंग्रजांच्या न्याहारीत जाऊन बसले. त्या डब्यातल्या बीन्स भट्टीत भाजलेल्या नसतात, डब्यातच शिजतात. मी आज दोन्हीकडचं थोडं थोडं घेतेय: बोस्टनचा गोडवा आणि वरचा भाजलेला थर, विलायतेचा टोमॅटो.

(भिजवलेल्या घेवड्याचा क्लोज-अप)

एक वाटी, म्हणजे साधारण २०० ग्रॅम घेवडा घ्या. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा मीठ विरघळवा आणि त्यात रात्रभर भिजवा. मिठाने दाणा कडक होतो हे बऱ्याच घरांत ऐकायला मिळतं. भिजवताना होतं ते याच्या उलट. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. सकाळी ते पाणी फेकून द्या, दाणे धुवा. पोट फुगवणाऱ्या शर्करा थोड्याफार त्या पाण्याबरोबर जातात.

पाण्याबद्दल एक गोष्ट, खास पुणेकरांसाठी. तुमच्या सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल आणि डाळ शिजायला नेहमीच वेळ लागत असेल, तर पाणी जड आहे. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त आहे. अशा वेळी बीन्ससाठी फिल्टरचं पाणी घ्या, नाहीतर कुकरमध्ये चिमूटभर खायचा सोडा टाका. चिमूटभरच. जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

कुकरमध्ये तीन वाट्या ताजं पाणी, एक चमचा तेल, म्हणजे फेस वर येत नाही, आणि अर्धा चमचा मीठ. एक शिट्टी झाली की आच बारीक करून १५ मिनिटं. वाफ आपोआप जाऊ द्या. मग एकच नाही, चार-पाच दाणे दाबून बघा. एकही कच्चा लागला तर परत पाच मिनिटं. वाघ्या घेवड्याला थोडा जास्त वेळ लागतो. हे शिजलेलं पाणी मात्र ओतू नका, रसाला दाटपणा त्यातूनच येतो.

इथे जरा थांबते, कारण हे तब्येतीचं आहे. कच्च्या राजम्यात, घेवड्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं. त्याने जोराच्या उलट्या होतात. खळखळ उकळल्यावर ते नष्ट होतं. अमेरिकेचं अन्न प्रशासन ३० मिनिटं उकळायला सांगतं. कुकरच्या तापमानाला तर प्रश्नच उरत नाही. पण नुसता भिजवलेला कच्चा घेवडा थेट मंद ओव्हनमध्ये किंवा स्लो कुकरमध्ये लावू नका, बाकी कृती कितीही सोपी दिसली तरी.

(तवा हातात घेऊन)

आता आपला तवा. बिडाचा, खोलगट, १० इंची. तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत बोहरी आळीत हिंडलात तर मिळेल. घेताना दोन कान असलेला घ्या. लांब मुठीचा तवा घरगुती ओटीजीमध्ये, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, ठेवला की दार लागत नाही, म्हणून घरून निघतानाच ओव्हनची आतली रुंदी टेपने मोजून घ्या. लाकडी मूठ तर नकोच. बीड तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की उष्णता धरून ठेवतं. ओटीजीची कॉइल सारखी चालू-बंद होत असते, तरी बिडात रस एकसारखा खदखदत राहतो. फोडणी गॅसवर, आणि तोच तवा उचलून ओव्हनमध्ये. दुसरं भांडं लागत नाही.

तवा नवा असेल तर लगेच यात टोमॅटो घालू नका. तेल तापून तव्यावर जो काळा तुकतुकीत थर बसतो, तो आंबटाने निघतो आणि रसाला लोखंडाची चव येते. आधी त्यावर भरपूर घावन, आंबोळ्या, थालीपिठं करा. तवा काळाभोर झाला, की मग पाऊण तासाचा टोमॅटो त्याला सोसतो.

रस करूया. आधी एक चमचा मोहरी गार पाण्यात फेसून १० मिनिटं बाजूला ठेवा. तिखटपणा गार पाण्यातच चढतो. वाटणाला भाजतो तसा एक कांदा जाळीवर चांगला काळसर भाजून बारीक चिरा. मूळ पदार्थात खारवलेल्या मांसाचा जो खमंगपणा असतो, त्याची उणीव हा कांदा बरीच भरून काढतो. तव्यात दोन मोठे चमचे तेल, चार लसणाच्या पाकळ्या ठेचून, कांदा, एक चमचा लाल तिखट. मग तीन टोमॅटोंचा रस, आणि तेल सुटेपर्यंत परता. त्यात तीन मोठे चमचे काकवी, दोन छोटे चमचे व्हिनेगर, अर्धी फेसलेली मोहरी, बेताचं मीठ. काकवी नसेल तर गूळ चालेल, फक्त जरा काळपट घ्या, पिवळाधमक नको. गोडा मसाला घालायचा मोह होईल. घालू नका. छान उसळ होईल, पण बेक्ड बीन्स होणार नाहीत.

आता शिजलेले दाणे घाला, आणि त्यांचं पाणी दाण्यांच्या जेमतेम वर येईल इतकं. एक उकळी काढा. ओव्हन आधीच १७० अंशांवर तापवलेला हवा. झाकण न ठेवता ४० ते ४५ मिनिटं. मधे ढवळू नका. वर जो गडद, चिकटसर थर धरतो, तो या पदार्थाचा सगळ्यात चविष्ट भाग आहे आणि ढवळलं की तो मोडतो. कडेला रस उकळून तपकिरी झाला, मधे अजून थोडा सैल दिसतोय, तेव्हाच बाहेर काढा. १० मिनिटांत आपोआप आळतो. कानांवर जाड फडकं टाकून ठेवा, बीड बराच वेळ पोळतं. उरलेली मोहरी आता वरून घाला, म्हणजे तिचा झणका शाबूत राहतो.

ओव्हन नसेल तर हाच तवा अगदी बारीक गॅसवर २५ मिनिटं ठेवा. वरचा थर येणार नाही, चव मात्र चांगलीच येते.

कॅम्पातल्या बेकरीचा कडक पाव, त्यावर लोणी, वर या बीन्स आणि शेजारी हाफ फ्राय. किंवा गरम ज्वारीची भाकरी आणि कच्चा कांदा. मला भाकरी जास्त आवडते, कारण काकवीचा गोडवा ज्वारीबरोबर उठून दिसतो.

उरलेल्या बीन्स तव्यात ठेवू नका. स्टीलच्या डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवस चांगल्या राहतात. गरम करताना दोन चमचे पाणी घाला. तवा कोमट झाला की गरम पाणी आणि नारळाच्या शेंडीने घासा. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नका, बीड तडकतं. मग गॅसवर पूर्ण कोरडा करा आणि तेलाचं बोट फिरवा. पावसाळ्यात पुण्याच्या दमट हवेत एका रात्रीत गंज धरतो, तेव्हा हे काम जेवण झाल्या झाल्या उरकून टाका.