कोण बसलं होतं?

[इर्विन पुलावरून दिसणारी कृष्णा. मग हॉलचं दार, बाहेर लावलेल्या सायकली.]

सांगलीत पावसाळा लागला की माणसं एकमेकांना आधी पाण्याची फुटं विचारतात. इर्विन पुलापाशी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 च्या वर गेलं होतं.

या हॉलमध्ये चित्रांचं प्रदर्शन भरलंय. त्यातलं सगळ्यात मोठं चित्र त्याच पुराच्या दिवसांचं. पण त्यात पाणी कुठंच नाही. शाळेच्या बाकावर एक बाई बसलीय, मांडीवर गाठोडं. मागं फळ्यावर अर्धवट सोडवलेलं गणित.

सहा चित्रकार, आणि भिंतींवर सगळी माणसंच. कलावर्गात याला फिगरेटिव्ह म्हणतात. बघायला आलेले म्हणतात, "माणसांची चित्रं." मला हेच नाव आवडतं.

[कॅमेरा हळूहळू दोन हातांवर.]

हा हळदीच्या पेठेतला हमाल. पोत्याला टेकलाय. चेहरा साधाच उतरलाय, खरं चित्र हातांत आहे. तळव्याच्या भेगांत, नखांच्या कडांना पिवळं बसलेलं. चित्रकार सांगतो, लेमन यलो कोवळा पडला, क्रोम भडकला. मग यलो ऑकरमध्ये, म्हणजे मातकट पिवळ्यात, कणभर बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, घातला आणि ब्रश ठेवून बोटानंच चोळला. हमालाला समोर बसवणं त्याहून अवघड गेलं. दर दहा मिनिटांनी तो उठायचा. नुसतं बसायची सवयच नाही!

[औंध. यमाईचा डोंगर, संग्रहालयाची वाट.]

शेजारच्या सातारा जिल्ह्यात, औंधात, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली संग्रहालय उभं केलं. संस्थानचे राजे, आणि स्वतः ब्रश चालवणारे. तिथं राजा रविवर्म्याची 'सैरंध्री' आहे, म्हणजे दासीच्या वेषातली द्रौपदी. तिच्यासमोर उभं राहून आपण महाभारत आठवतो. चित्रकारापुढं कोण बसलं होतं, हे काही मनात येत नाही. सांगलीच्या या हॉलमध्ये मात्र पहिला प्रश्न तोच. "हे कोण? आपल्या गल्लीतले वाटतात."

सगळंच जमलंय असं नाही. तीन-चार चित्रं मोबाइलच्या फोटोवरून काढलीत, ते लपत नाही. त्यातली माणसं लेन्सकडं बघतात, चेहऱ्यावर 'काढा लवकर' असा भाव. समोर बसवलेला माणूस थोड्या वेळानं आपल्यातच हरवतो. बाकावरची बाई तशी हरवलीय.

[दुसरा दिवस, संध्याकाळ. हॉलचं दार.]

हमाल आला. पायताण दाराशी काढून, बायकोला पुढं घालून. चित्रापुढं बराच वेळ उभा राहिला. मग स्वतःचे तळहात पालथे-उताणे करून पाहिले आणि चित्रकाराला म्हणाला,

"दाढी तरी करून आलो असतो की. आधी सांगायचं न्हवं!"