नाळेपाशी अडलेलं जहाज

या लाकडी पट्टीवर पेन्सिलची रेघ दिसतेय ना? १९९९ साली मी ती ओढली आणि काम तिथेच थांबलं. त्यानंतर जहाजाची ही लाकडी प्रतिकृती आईच्या जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर पडून होती.

मूळ जहाज आपल्या मुंबईचं. एचएमएस ट्रिंकोमाली, ब्रिटिश नौदलाचं लढाऊ जहाज. जमशेटजी बमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधलेलं, अस्सल सागवानी. त्याचे पहिले नकाशे मुंबईला पोचलेच नाहीत. ते घेऊन निघालेलं ब्रिटिशांचं ‘जावा’ जहाज १८१२ मध्ये ब्राझीलजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ जहाजाशी लढताना हातचं गेलं. नकाशे पुन्हा पाठवले, आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला ट्रिंकोमाली पाण्यात उतरलं. इंग्लंडमधल्या हार्टलपूलला ते आजही तरंगतंय. मला या सागाचा फार अभिमान वाटतो.

मूळ जहाजाचा तोफांचा मजला सुमारे १५० फूट लांब. माझ्या ९६ पट लहान प्रतिकृतीत तो दीड फुटाच्या जरा वर भरतो.

मी अडलो नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी. जहाजाचा घेर मधोमध मोठा आणि नाळेकडे कमी. मधे शेजारी शेजारी नीट बसलेल्या पट्ट्या पुढे मावत नाहीत. प्रत्येक पट्टी टोकाकडे तासून निमुळती करावी लागते. मी तेव्हा मोजमाप न करता दाबून बसवत गेलो आणि पट्ट्या एकमेकींवर चढल्या.

म्हणून आता सुरुवात उकलण्यापासून. पांढरा गोंद ओलाव्याने मऊ पडतो. सांध्यावर कोमट पाण्याचा फडका ठेवायचा, वाट बघायची, मग पातळ पातं हळूच आत सरकवायचं. अकरा पट्ट्या काढल्या, त्यातल्या दोन मोडल्या. डोलकाठ्यांसाठी आणलेला दोरा बोटात धरताच तुटला. तो नवाच घ्यावा लागेल. तळाचा वासा मात्र अजून सरळ आहे. दोरी ताणून तीनदा पाहिलं.

आता सांगाड्याच्या प्रत्येक आडव्या फळीच्या कडेवर कागदाची पट्टी गुंडाळतो, तिचे सारखे भाग पाडतो आणि तिथे लाकडी पट्टी किती रुंद हवी ते लिहून घेतो. मग तासायचं, गरम पाण्यात भिजवायचं, वाकवायचं. कधी कधी एका पट्टीला अख्खी संध्याकाळ जाते.

नवं लाकूड जुन्यापेक्षा फिकट दिसतंय. रंग देऊन ते लपवणार नाही.

आज सातवी पट्टी नाळेला टेकली. चिमटे उद्या सकाळी काढेन.