ऐंशीव्या वर्षी केमोथेरपी घ्यावी का?

नमस्कार. ऐंशीच्या घरातील रुग्णाला कर्करोगाचे निदान झाले की नातेवाइकांत अनेकदा दोन तट पडतात. काहींना या वयात केमोथेरपीचा त्रास नकोच वाटतो, तर काहींचा आग्रह असतो की तरुणांना देतात तेच पूर्ण उपचार द्यावेत. माझ्या मते दोन्ही बाजू चुकीच्या आकड्याकडे पाहत असतात. जन्मतारखेपेक्षा शरीराची शिल्लक ताकद महत्त्वाची असते, आणि तिचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो.

मूत्रपिंडाचेच पाहा. रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) 1.0 आले की अहवाल नॉर्मल म्हणून घरचे निश्चिंत होतात. परंतु क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होते, आणि म्हातारपणी स्नायूच झडलेले असल्यामुळे मूत्रपिंड मंदावले तरी हा आकडा फारसा वाढत नाही. म्हणून वय आणि वजन धरणारे, 1976 साली मांडलेले कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र वापरतात. त्यानुसार 40 वर्षांच्या, 70 किलो वजनाच्या पुरुषाचे क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची अंदाजे क्षमता, मिनिटाला सुमारे 97 मिलिलिटर येते, तर 80 वर्षांच्या, 45 किलो वजनाच्या स्त्रीचे सुमारे 32; क्रिएटिनिन मात्र दोघांचेही 1.0च! कार्बोप्लॅटिन, कॅपेसिटाबीन यांसारख्या औषधांचा डोस ठरवताना मूत्रपिंडाची ही क्षमता पाहावीच लागते, आणि ती इतकी कमी असेल तर सिस्प्लॅटिन बहुधा टाळले जाते.

अस्थिमज्जाही (हाडांतील, रक्तपेशी तयार करणारा मगज) पूर्वीसारखी भरपाई करत नाही, त्यामुळे केमोने संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी लवकर घटतात. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाने पायांना मुंग्या येणे तरुणाला नुसते त्रासदायक वाटेल, पण आधीच तोल सांभाळत चालणाऱ्या आजोबांना त्यामुळे पडण्याचा धोका असतो.

म्हणूनच उपचारांपूर्वी वार्धक्य-मूल्यांकन करावे, म्हणजे चालणे, स्मरणशक्ती, आहार, चालू असलेली औषधे आणि घरचा आधार यांची पद्धतशीर तपासणी करावी. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या, प्रगत कर्करोग असलेल्या सत्तरीपुढील 718 रुग्णांच्या अभ्यासात, हे मूल्यांकन ज्यांच्या डॉक्टरांच्या हाती दिले होते त्या गटात गंभीर दुष्परिणाम 51 टक्के रुग्णांना झाले, तर दुसऱ्या गटात 71 टक्के. आयुर्मानात लक्षणीय फरक पडला नाही.

पण सौम्य उपचार नेहमीच हिताचे नसतात. स्तनाच्या कर्करोगाच्या 65 वर्षांवरील रुग्णांच्या 2009 मधील अभ्यासात, नुसत्या कॅपेसिटाबीनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये रोग उलटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण प्रमाणित केमो घेणाऱ्यांपेक्षा जास्त आढळले. बरे होण्याची आशा असताना केवळ वयाकडे पाहून उपचार हलके करणे महागात पडते. रोग आटोक्यात ठेवणे एवढाच हेतू असेल, तर डोस कमी करून सुरुवात करण्यास वाव असतो.

केमो सुरू झाल्यावर 38 अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मात्र वृद्धांना संसर्गात कधीकधी ताप येतच नाही, त्यामुळे रुग्ण अचानक गोंधळल्यासारखा वागू लागला, सुस्त झाला किंवा जेवेनासा झाला, तर थर्मामीटरच्या आकड्याची वाट न पाहता निघा.