देसूरचा काळा दगड

(खाणीचा उभा कडा. सकाळचं तिरपं ऊन.)

हा कडा वरून खाली बघत या. वर दगड भोकाभोकांचा, पोळ्यासारखा. खाली येताना भोकं विरळ होतात, मग नुसता काळा, घट्ट दगड. त्याखाली लाल पट्टा. आणि पुन्हा भोकं.

म्हणजे एकावर एक असे हे लाव्ह्याचे दोन थर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि अकराशे अंशांच्या आसपास तापलेला रस पसरत गेला. वरची साय आधी थिजली. खालून येणारे वायूचे बुडबुडे तिच्यातच अडकले. पोटातला भाग सावकाश निवला, म्हणून ठोस. लाल पट्टा म्हणजे पुढचा लाव्हा येईपर्यंत उघड्यावर पडून झिजलेला खालच्या थराचा माथा.

(दगडाचा तुकडा, भिंगाखाली. भोकात पांढरे स्फटिक.)

हे पांढरं नंतरचं. पाणी झिरपलं आणि भोकांत झिओलाइट, कॅल्साइट ही खनिजं साठली.

काळ्या भागात मात्र कण दिसत नाहीत. हा बेसॉल्ट. बारीक कण, म्हणजे जमिनीवर, त्या मानाने झटपट निवलेला दगड. हाच रस जमिनीखाली खोलवर निवला असता तर कण डोळ्यांना दिसले असते, आणि नाव पडलं असतं गॅब्रो. दुसरी कसोटी सिलिकाची, म्हणजे वाळूतल्या मुख्य द्रव्याची: ४५ ते ५२ टक्के असेल तर बेसॉल्ट. सिलिका वाढत गेलं की पुढे अँडेसाइट, डेसाइट, रायोलाइट. रायोलाइट गुजरातेतल्या पावागढला बघायला मिळतो. आमचा कॅमेरा तिथवर गेला नाही.

(रेल्वे रूळ, खानापूरच्या दिशेने.)

बेळगावहून खानापूरकडे निघालं की देसूर लागतं. दख्खनच्या थरांना अभ्यासकांनी ठिकाणांची नावं दिली: आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा. पन्हाळ्याच्याही वरच्या थराचं नाव देसूर. इथल्या किती शाळांत हे सांगतात, कोण जाणे.

(क्रशर. धुळीने पांढरी पडलेली उसाची पानं.)

त्याच थराची आता खडी होते. धूळ शेतात, हादरे घरात.

(पाथरवटाचे हात.)

पाट्यासाठी दगड निवडताना पाथरवट आधी हातोडीने ठोकून ऐकतो. आवाज बद्द आला तर बाजूला. खणखणीत वाजला तर तो थराच्या पोटातला. भोकाचा पाटा कोण घेणार? मसाला आतच राहायचा.

(टाकीचे घाव. निवेदन थांबतं.)