साचा आधी, कापड नंतर

रबाळे औद्योगिक वसाहतीतील एका पत्र्याच्या शेडमध्ये, दोन लाकडी घोड्यांवर ठेवलेला हा पोकळ आकार म्हणजे एका दोन आसनी, उघड्या गाडीच्या नाकाचा साचा आहे. रेडिएटरच्या पुढचा हा निमुळता भाग येत्या दोन दिवसांत कार्बन फायबरमध्ये उतरणार आहे, म्हणजे साच्यात कार्बनच्या तंतूंचे कापड बसवून त्यात रेझिन हा पातळ, नंतर कडक होणारा पदार्थ मुरवला जाणार आहे.

गाडीचा आराखडा मूळचा इंग्लंडचा. कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन १९५७ मध्ये आली आणि ती सुट्या भागांच्या संचातही विकली जाऊ लागली, कारण तयार गाडीवरचा खरेदी कर अशा संचावर लागत नसे. १९६० च्या दुसऱ्या आवृत्तीपासून तिचे नाक आणि मडगार्ड फायबरग्लासचे झाले, आणि आज त्या धर्तीची गाडी बांधणारे हौशी लोक हेच भाग कार्बनमध्ये करून घेतात. ही गाडी केवळ ट्रॅकवर धावणार आहे. रस्त्यावर आणायची झाल्यास केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे नमुन्याची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत करून घ्यावी लागते, आणि एकाच गाडीसाठी तो खटाटोप हौशी माणसाला पेलणारा नाही.

कार्बनचा हा खर्च कशासाठी, हे वजनावरून कळते. ०.८ मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पोलादी पत्रा सव्वासहा किलोच्या आसपास भरतो; तेवढ्याच आकाराचे, एक मिलिमीटर जाडीचे कार्बन पॅनेल सुमारे दीड किलो. बहुतेक ग्राहक मात्र पहिली चौकशी करतात ती कापडाची: कुठल्या देशाचे, कुठल्या कंपनीचे. आमच्या मते पहिला प्रश्न साच्याचा असायला हवा, कारण चांगले कापड पैसे मोजून मिळते, चांगला साचा मात्र घडवावाच लागतो.

अर्थात कापडही पारखूनच घ्यावे लागते. येथे वापरले जाणारे कापड ३-के ट्विल (तिरप्या रेघांच्या) विणीचे आहे. त्याच्या प्रत्येक पट्टीत तीन हजार तंतू असतात आणि एकेक तंतू पाच ते सात मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा असतो. ट्विल वीण साध्या विणीपेक्षा वळणांवर सहज बसते, आणि नाकाला तर दोन्ही दिशांनी वळण आहे. काळे रंगवलेले काचेचे कापडही कार्बन म्हणून गळ्यात मारले जाऊ शकते. म्हणून मुख्य कारागीर मल्टिमीटरच्या दोन्ही सुया कापडाला लावून पाहतात. कार्बनमधून वीज वाहते, काचेतून वाहत नाही. मग ते दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचा तुकडा कापून सोनाराच्या काट्यासारख्या छोट्या काट्यावर ठेवतात. काटा दोन ग्रॅम दाखवतो, म्हणजे कापड सांगितल्याप्रमाणे २०० जीएसएमचे, चौरस मीटरला २०० ग्रॅम भरणारे आहे. घडी घालून आलेले कापड ते परत पाठवतात. घडीवर मोडलेली वीण पुन्हा सरळ होत नाही.

तयार पॅनेल परदेशातून मागवण्याचा मार्गही आहे. परंतु नाकासारखी वस्तू हलकी असली तरी खोक्यात जागा फार व्यापते, आणि विमानाचे भाडे व्यापलेल्या जागेवर आकारले जाते; शिवाय एका चॅसिससाठी, म्हणजे गाडीच्या सांगाड्यासाठी, केलेले नाक दुसऱ्या चॅसिसवर नीट बसेल याची खात्री नसते.

म्हणूनच येथे साच्यावर तीन आठवडे खर्च झाले. आधी फोमचा पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा काढतात तो नाकाचा नमुना, कोरला, त्यावर लांबी (पुट्टी) भरली, प्रायमर मारला आणि २२० नंबरपासून २००० नंबरपर्यंत वॉटर पेपर फिरवला, कारण पॅटर्नवर राहिलेला ओरखडा साच्यात उतरतो आणि साच्यातून प्रत्येक पॅनेलवर उतरत राहतो. नाकाची कड आत वळलेली असल्याने एकसंध साच्यातून पॅनेल सुटले नसते. म्हणून साचा दोन भागांत करून मधल्या पट्टीवर बोल्टने जोडला आहे.

येथील कारागीर पॉलिएस्टर रेझिनवर काम शिकलेले आहेत. त्या कामात पावसाळ्यात हार्डनर (रेझिन कडक करणारे रसायन) थोडे वाढवायचे आणि उन्हाळ्यात कमी करायचे, ही हातात बसलेली सवय असते. येथे वापरल्या जाणाऱ्या इपॉक्सी रेझिनला ती चालत नाही. या रेझिनच्या १०० ग्रॅमला ३० ग्रॅम हार्डनर हे प्रमाण ठरलेले आहे; ते वाढवले तर काम लवकर होत नाही, पॅनेल मऊ राहते. दमट हवेत इपॉक्सीचा पृष्ठभाग चिकट, मेणचट होतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये हे काम बंद खोलीत, एसी लावून केले जाते.

साच्यात कापडाचे थर बसले, त्यांवर पील प्लाय (नंतर सोलून काढायचे कापड) आणि रेझिन पसरवणारी जाळी आली, प्लास्टिकची पिशवी चिकट टेपने बंद झाली आणि आतली हवा ओढून घेणारा पंप सुरू झाला. पंप बंद करून गेज पाहिला, तेव्हा काटा हळूहळू मागे सरकत होता. कारागीर कान लावून, बोट फिरवत पूर्ण कड तपासत गेले. उजव्या कोपऱ्यात टेपखाली कार्बनचा एकच सुटा धागा अडकला होता आणि त्याच्या कडेने हवा आत शिरत होती. एवढ्याशा धाग्यापायी पूर्ण पॅनेलमध्ये बुडबुडे आले असते. तो कोपरा उघडून पुन्हा बंद केला गेला. या वेळी अर्धा तास काटा हलला नाही, आणि मगच रेझिनची नळी उघडली. करड्या दिसणाऱ्या कापडावरून गडद, ओली रेघ संथपणे पुढे सरकते आहे, ती रेझिनची.

दुसऱ्या दिवशी बोल्ट काढून, प्लास्टिकच्या पाचरी ठोकून नाक बाहेर काढले. ॲल्युमिनियमला कार्बन थेट चिकटला तर ओलाव्यात ॲल्युमिनियम गंजते, म्हणून आतल्या कडेवर जोडाच्या जागी काचेच्या कापडाचा थर आधीच दिलेला आहे. नाक चॅसिसवर चढवले, तेव्हा डावीकडची फट उजवीपेक्षा दोन मिलिमीटर जास्त भरली. कारागिरांनी पॅनेलला हात लावला नाही. त्यांनी मार्कर घेतला आणि साच्याच्या डाव्या कडेवर खूण केली.